सत्तर बाय ऐंशीची गोधडी

सोमवार, ३ जून २०१९, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. आयोवाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या एका पांढऱ्या घरासमोर एकतीस फुटी घरगाडी इंजिन सुरू करून उभी होती आणि तिच्या पोटात कापडाचे एकशे बारा तुकडे होते. ठरले होते पंचाहत्तर.

लोवेल ब्रँडवोल्डने ते स्वतः मोजले होते, दोनदा. दुसऱ्यांदा मोजताना त्याला पलंगाखालच्या खणात, जिथे त्याच्या पान्यांची पेटी असायला हवी होती तिथे, आणखी एक फुगलेली पिशवी सापडली.

"आर्डिथ, हे काय आहे?"

"निळं," त्याची बायको म्हणाली.

"निळं आपण एप्रिलमध्येच मोजलं होतं."

"ते वेगळं निळं. हे संध्याकाळचं."

"आणि माझे पाने?"

"गॅरेजात आहेत. सुखरूप. पाना लागलाच तर वाटेत दुकानं असतील की."

"कापडाचीही दुकानं असतात वाटेत."

"असतात ना," आर्डिथ म्हणाली आणि तिने पर्समधून चार पानी यादी काढली. "सत्तावीस आहेत. उघडण्या-मिटण्याच्या वेळांसकट."

आपण हे वाक्य बोलायला नको होते, असे लोवेलला वाटले. त्या उन्हाळ्यात असे त्याला पुष्कळदा वाटणार होते.

लोवेल एकाहत्तर वर्षांचा होता. तंत्र महाविद्यालयात त्याने चौतीस वर्षे लेथ, मिलिंग आणि आराखडावाचन शिकवले होते, आणि निवृत्तीनंतरही कोणतीही गोष्ट आधी कागदावर उतरल्याशिवाय त्याला ती घडल्यासारखी वाटत नसे. फेब्रुवारीत त्याने एकोणचाळीस पानांची एक योजना बायकोपुढे ठेवली होती. राहते घर विकायचे आणि बारा महिने घरगाडीतच राहायचे. हिवाळा ॲरिझोनात, वसंत टेक्ससमध्ये, उन्हाळा जिथे मन जाईल तिथे. एकतिसाव्या पानापासून अलास्का सुरू होत होता आणि तो पाच पाने चालला होता. घराला गिऱ्हाईकही तयार होते. शेजारच्या ट्वाइट कुटुंबाची मुलगी कर्स्टन नवऱ्यासह गावी परतत होती. ३१ ऑगस्टला दुपारी बारापर्यंत हो किंवा नाही कळवा, एवढेच तिचे म्हणणे होते.

आर्डिथने योजना शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "जिथे मला गोधडी शिवता येत नाही तिथे मी राहणार नाही. एक अख्खी गोधडी त्या डब्यात करून बघते. झाली तर सही करते. नाही झाली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

लोवेलने त्याच रात्री अटी टंकून काढल्या. 'एक गोधडी, रुंदी सत्तर इंच, लांबी ऐंशी इंच. कापणीपासून गोट लावण्यापर्यंतचे सर्व काम घरगाडीच्या चार भिंतींच्या आत. मुदत ३१ ऑगस्ट.' खाली दोघांच्या सह्या. तो कागद घरगाडीतल्या फ्रिजच्या दारावर चिकटवला गेला. त्या दिवसापासून, ज्या माणसाने सेहेचाळीस वर्षांच्या संसारात गोधडीकडे फक्त पांघरायची वस्तू म्हणून पाहिले होते, त्याच्याइतकी एका गोधडीची काळजी साऱ्या अमेरिकेत कोणी वाहत नव्हते.

पहिला वैताग विजेचा निघाला.

तळावरच्या खांबातून घरगाडीला तीस अँपिअर मिळत. थंड हवेचे यंत्र तेरा खात असे. आर्डिथची इस्त्री साडेबारा. गाडीतले दिवे, फ्रिज आणि बाकी किरकोळ मिळून सहा. बेरीज साडेएकतीस. म्हणजे इस्त्री तापली की दीड अँपिअरसाठी खटका पडायचा आणि सगळे बंद व्हायचे.

"एकेक चौकोन पूर्ण झाल्यावर एकदाच इस्त्री केली तर?" नेब्रास्कात, फॅरनहाइटचा पारा सत्त्याण्णवावर असताना, लोवेलने विचारले. अंगातला सदरा पाठीला चिकटला होता.

"प्रत्येक पट्टी जोडली की इस्त्री. त्याशिवाय पुढची पट्टी सरळ बसत नाही."

"एका चौकोनात किती पट्ट्या?"

"बारा."

लोवेलने मनातल्या मनात गुणाकार केला. मध्ये एक लाल चौकोन, त्याभोवती एका बाजूने फिकट आणि दुसऱ्या बाजूने गडद पट्ट्या, ओंडके रचल्यासारख्या. असे छप्पन्न. "सहाशे बहात्तर वेळा," तो म्हणाला. "सहाशे बहात्तर वेळा मी हे यंत्र बंद करायचं?"

"नको करूस. मग खटका आपोआप पडेलच."

त्याने वेळापत्रक केले. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सात ते नऊ इस्त्री. मधल्या वेळेत गारवा. आर्डिथने ते वाचून मान डोलावली आणि दुपारी अडीच वाजता इस्त्री लावली. शेजारच्या गाडीतले मिसुरीचे गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. खटका चालू करायला लोवेल तिसऱ्यांदा बाहेर आला तेव्हा त्यांनी विचारले, "वायरिंगचं काही आहे का हो?"

"नाही," लोवेल म्हणाला. "कलेचं आहे."

दुसरा वैताग दुकानांचा. गोधडीच्या कापडाची दुकाने महामार्गावर नसतात. ती नेहमी महामार्गापासून अठरा मैल आत, धान्याच्या कोठारामागे, जिथे एकतीस फुटी गाडी वळवायला जागा नाही अशा गल्लीत असतात. आर्डिथ म्हणायची, "पाचच मिनिटं," आणि लोवेल घड्याळ लावायचा. सर्वांत कमी नोंद एक्केचाळीस मिनिटांची होती. ती बाहेर यायची तेव्हा हातात पिशवी, चेहऱ्यावर उजेड आणि सोबत दारापर्यंत पोचवायला आलेली दुकानदारीण.

"गोधडीला पुरेसं कापड आहे आपल्याकडे," तो सांगायचा.

"हे गोधडीसाठी नाही."

"मग कशासाठी?"

"घरात असावं म्हणून."

कुठल्या घरात, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही. पण दक्षिण डकोटात ट्रकच्या काट्यावर गाडी उभी केली तेव्हा वजन निघतानाच्या मानाने एकशे चाळीस पौंडांनी वाढले होते आणि त्यात लोवेलचे स्वतःचे घटलेले नऊ पौंड धरलेले नव्हते.

तिसरा वैताग सगळ्यांत मोठा, आणि त्यावर त्याला काही बोलताही येईना. आर्डिथ उसवत असे. दिवसभर शिवलेला चौकोन ती संध्याकाळी खिडकीपाशी धरायची, डोळे बारीक करायची आणि छोट्या सुरीने एकेक टाका काढू लागायची.

"काय झालं त्याला? छान दिसतोय."

"शिवण पाव इंचाची हवी. ही केसभर जास्त गेलीय."

"केसभर म्हणजे?"

"केसभर म्हणजे केसभर, मास्तर. प्रत्येक शिवणीत केसभर गेलं तर बाराव्या पट्टीला चौकोन अर्धा इंच लहान होतो."

चुका साचत जातात हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. तेच तर त्याने चौतीस वर्षे पोरांना फळ्यावर काढून दाखवले होते. म्हणूनच तो जास्त चडफडत होता. त्याने मशीनच्या पायाशी पट्टी चिकटवून एक आडोसा करून दिला, म्हणजे कापड पाव इंचापलीकडे सरकणारच नाही. आर्डिथने त्याच्यावर दोन दिवस शिवले, मग तो काढून फ्रिजवर ठेवला.

"का? बरोबर चालला होता की!"

"चालला होता. पण मला वाटायला लागलं, मी नाही, तोच शिवतोय."

२० जुलैला त्याच्या तक्त्यात एकतीस चौकोन व्हायला हवे होते. झाले होते सतरा. तक्ता भिंतीवर लावणे ही चूक होती, कारण आर्डिथने त्याच्या रिकाम्या खणांत दूध, अंडी, दोरा असे लिहायला सुरुवात केली.

शेवटी तो नमला. दुपारी थंड हवेचे यंत्र स्वतःच्या हाताने बंद करायचा, ओला टॉवेल मानेवर टाकून चालकाच्या सीटवर बसायचा आणि मागून येणारा इस्त्रीचा फुसकारा ऐकायचा. कापलेल्या पट्ट्या लांबीप्रमाणे लावून द्यायचा. कॉफी, सँडविच, भांडी त्याच्याकडे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आर्डिथचा वेग वाढला. १४ ऑगस्टला, वायोमिंगमध्ये बफेलो गावाबाहेरच्या तळावर, छप्पन्नावा चौकोन जोडला गेला आणि गोधडीचा वरचा पदर पुरा झाला. लोवेलने तो पलंगावर पसरून पाहिला. फिकट आणि गडद पट्ट्यांचे तिरपे पट्टे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत होते. सुंदर होते. पण त्याच्या मनात आले ते हे की सतरा दिवस उरले आहेत आणि हे होणार.

"आता काय? खाली कापूस, त्याखाली अस्तर, वरून शिवण आणि गोट. बरोबर?"

"बरोबर," आर्डिथ म्हणाली. ती कॉफीचा कप घेऊन बसली होती आणि दोन महिन्यांत प्रथमच अगदी निवांत दिसत होती. "पण आधी तिन्ही थर एकमेकांवर ताणून, सपाट पसरून, कच्चे टाके घालून धरायला लागतात. नाहीतर खालचं अस्तर चुरगळतं."

"मग पसरू."

"पसर."

लोवेलने इकडे तिकडे पाहिले. मग त्याने मोजपट्टी काढली, हे त्याचे दुर्दैव. अस्तर सगळ्या बाजूंनी चार चार इंच जास्त लागते: अठ्ठ्याहत्तर बाय अठ्ठ्याऐंशी. घरगाडीची सरकती भिंत बाहेर काढल्यावरही आत मोकळी जमीन होती तीन फूट बाय नऊ फूट. छत्तीस इंच रुंद.

"घरी कुठे करायचीस तू हे?"

"बैठकीच्या खोलीत. सोफा भिंतीला लावते, चटई गुंडाळते. चाळीस वर्षं तिथंच करतेय. तू वरून उडी मारून स्वयंपाकघरात जायचास."

त्याला आठवले. वर्षातून तीनदा उडी मारली होती त्याने. एकोणचाळीस पाने लिहिली, पाण्याची टाकी, गॅस, टायरमधली हवा, सगळ्याचा हिशेब मांडला, आणि बायको जिथे गुडघ्यांवर रांगते ती जमीन मोजायची राहिली.

"तुला हे फेब्रुवारीपासून माहीत होतं."

"जमीन तर तुझ्याही डोळ्यांसमोर होती, मास्तर."

तो तडक गावात गेला आणि तासाभराने घामाघूम होऊन परतला. "ग्रंथालयाचा हॉल मिळतोय. उद्या सकाळी. गावातल्या बायका दर गुरुवारी तिथे गोधड्याच करतात. आठ टेबलं आहेत, हात लावायला दहा जणी येतील. खायला ऱ्हुबार्बची आंबटगोड पायही आणणार म्हणाल्या."

आर्डिथने फ्रिजच्या दारावर बोट ठेवले. 'सर्व काम घरगाडीच्या चार भिंतींच्या आत.'

"अगं, ते एक आपलं..."

"'सर्व' हा शब्द कोणाचा?"

"माझा."

"मग?"

लोवेल बाहेर जाऊन गाडीच्या पायरीवर बसला. मिसुरीच्या गृहस्थांसारखे कोणी शेजारी असते तर बरे झाले असते, असे त्याला वाटले. निदान कोणी काही विचारले असते. पाऊण तास तो तसाच बसून होता. एवढा मोठा पन्हा एवढ्याशा जागेत सपाट कसा राहील? मग त्याच्या लक्षात आले की तो सगळा एकाच वेळी सपाट राहायची गरजच नाही. एका वेळी फूटभर राहिला तरी पुरे. बाकीचा गुंडाळलेला असला तर काय बिघडले?

त्याने तीन कागदी रुमाल घेतले आणि दोन पेन्सिली. वरचा पदर म्हणून एक रुमाल एका पेन्सिलीला गुंडाळला, अस्तर म्हणून दुसरा दुसरीला, मधे कापसाच्या जागी तिसरा रुमाल, आणि दोन्ही थोडे थोडे उलगडत, टेबलावर एकावर एक आणत, आत नेऊन आर्डिथला दाखवले. "दोन फळ्या. सात फुटी. पलंगाखालची प्लायवूड काढतो, या टेबलापासून ओट्यापर्यंत टाकतो, साडेसात फूट होते. फूटभर उलगडायचं, टाके घालायचे, पुढचं फूटभर. चार भिंतींच्या आत. एक इंचसुद्धा बाहेर नाही."

तो टाळ्यांची वाट पाहत होता असे नाही, पण काहीतरी अपेक्षा होती. आर्डिथने पेन्सिली हातात घेतल्या, मागे पुढे फिरवल्या.

"जमेल हे," ती म्हणाली. डॉक्टरने सांगितलेले परत म्हणून पाहावे तशा आवाजात.

लोवेलने तो आवाज ऐकला, पण तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

लाकडाच्या वखारीतून फळ्या आल्या. दोन दिवस घरगाडीच्या मधोमध ती आडवी भिंत उभी राहिली. मागे न्हाणीघर, पुढे दार. इकडून तिकडे जायचे तर एकाहत्तराव्या वर्षी गोधडीखालून रांगत जायचे. पहिल्या रात्री तो चार वेळा रांगला. आर्डिथने एका बाजूला उभे राहून टाके घातले, त्याने फळ्या धरल्या. अस्तराला एक सुरकुती नव्हती.

आणि मग, ज्याची तो अडीच महिने वाट पाहत होता, ते सुरू झाले. आर्डिथ झपाट्याने कामाला लागली. सकाळी सहाला मशीन, रात्री नऊला बंद. उसवणे थांबले. गप्पा थांबल्या. गोधडीचा बोजा मशीनमागे ओघळू नये म्हणून लोवेल तो दोन्ही हातांनी उचलून धरायचा आणि ती "डावीकडे", "सोड", "धर" एवढेच बोलायची. तक्त्याच्या रिकाम्या खणांत दूध-अंडी लिहायचेही तिने सोडून दिले. वैतागायला काहीच उरले नाही आणि तेच त्याच्या अंगावर येऊ लागले.

२४ ऑगस्टला ते मोंटानात शिरले. एका छोट्या गावाच्या कडेला पाटी दिसली: कापड, दोरा, गोधडीचे सामान. लोवेलने सवयीने वेग कमी केला.

"चल पुढे," आर्डिथ म्हणाली.

"यादीत आहे तुझ्या. बाविसावं."

"आहे कापड. चल."

त्याने गाडी थांबवली. वळवायला जागाही होती. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच. "पाचच मिनिटं," तो म्हणाला.

"मी नाही येत."

"मग मी जातो," लोवेल म्हणाला आणि खरेच गेला.

आत काउंटरमागे एक जाड भिंगांची बाई होती. "काय दाखवू?"

"कापड."

"बरं. ते आहे आमच्याकडे." बाईने भिंतीभर लागलेल्या ताग्यांकडे हात केला. "कोणासाठी?"

"बायकोसाठी. गाडीत बसलीय."

"आजारी आहेत का?"

"नाही."

"भांडलात?"

"अजून नाही."

"कुठला रंग आवडतो त्यांना?"

"सगळे. तीच तर अडचण आहे."

बाईने त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "किती वार हवंय?"

तो अकरा मिनिटांत बाहेर आला. आर्डिथने पिशवी उघडून माशांच्या छापाचे कापड बाहेर काढले.

"मासे?"

"ती म्हणाली किती वार, मी म्हटलं तीन."

"तीन वार मासे! यांचं मी काय करू?"

"घरात असावं म्हणून," लोवेल म्हणाला, आणि हे शब्द तोंडातून गेल्यावर ते कोणाचे होते ते त्याला आठवले. त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केले. "तुला घर विकायचं नाही."

"मी असं म्हटलेलं नाही."

"तेच विचारतोय. म्हटलं का नाहीस?"

"कधी म्हणणार?" आर्डिथ वळली. "तू योजना घेऊन आलास. एकोणचाळीस पानं, अनुक्रमणिकेसकट! नको म्हणायचं तर पानापानाला कारण द्यावं लागलं असतं. माझ्याकडे कारण नव्हतं, लोवेल. मला नुसतं नको होतं. तुझ्या वर्गात 'नुसतं नको' या उत्तराला कधी मार्क मिळालेत?"

"म्हणून अट घातलीस."

"मला वाटलं, होणार नाही. जमीन कुठे आहे इथे? आणि मग तू त्या दोन फळ्या घेऊन आलास."

"फळ्या आणल्या हा माझा गुन्हा झाला?"

"फळ्या उत्तम आहेत! हाच तर वैताग आहे. सेहेचाळीस वर्षांत तुझ्या किती युक्त्या पाहिल्या मी. तो कुत्र्याचा दरवाजा. ते आपोआप पाणी घालणारं यंत्र. एक धड चालली नाही. आणि जी चालली ती नेमकी ही!"

"मग नको पूर्ण करू. ठेव अर्धी."

"मी सही केलीय. आणि मुद्दाम वाईट टाके घालणाऱ्यांतली मी नाही. गोट लावून झाला की दुसरी सही करते. चल आता, ऊन चढलंय."

 पुढचे नव्वद मैल माशांचे कापड दोघांच्या मधे पडून होते.

शनिवार, ३१ ऑगस्ट. माइल्स सिटीबाहेरचा तळ. आयोवातले बारा म्हणजे इथले अकरा. तीनशे इंच गोट आर्डिथने चार दिवसांत हाताने घातला होता. नऊ वाजून पन्नास मिनिटांनी तिने शेवटचा टाका घातला, दातांनी दोरा तोडला आणि गोधडीची घडीही न घालता म्हणाली, "आण कागद. आणि पेन."

लोवेलने फ्रिजवरून कागद काढला. पेनाऐवजी पोलादी मोजपट्टी आणली.

"हे कशाला?"

"तपासणी. काम झालं की तपासणी असते."

त्याने गोधडी पलंगावर हाताने सारखी केली, ओढली नाही, आणि पोरांना शिकवायचा तशी तीन ठिकाणी मोजली: वर, मधे, खाली. मग पुन्हा तीन ठिकाणी. बराच वेळ पट्टीकडे बघत राहिला.

"एकोणसत्तर आणि पाव," तो म्हणाला.

"असणारच. टाके पडले की आक्रसते. प्रत्येक गोधडी आक्रसते. अमेरिकेतल्या कुठल्याही बाईला विचार."

"कागदावर सत्तर आहे."

"म्हणजे साधारण सत्तर!"

"साधारण लिहिलेलं नाही. कमी-जास्त किती चालेल तेही लिहिलेलं नाही."

"ते लिहिलं नाहीस तूच!"

"हो. घोडचूक आहे. अशा आराखड्याला मी पोरांना शून्य दिलेलं आहे."

आर्डिथने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. तो पट्टीकडेच पाहत होता. स्वतःच्या चेहऱ्याचा त्याला भरवसा वाटत नव्हता. तिने गोधडीची एक कड मुठीत धरली. "दुसरी बाजू धर. ताणली की भरेल सत्तर."

"ताणून मोजायचं नसतं."

"लोवेल ब्रँडवोल्ड! छप्पन्न चौकोन. सहाशे बहात्तर वेळा इस्त्री. जत्रेत दोनदा पहिलं बक्षीस घेतलंय मी, आणि तू माझी गोधडी नापास करतोस?"

"मी नाही. पट्टी करतेय."

"मला दया नकोय तुझी."

"दया नाही. पाऊण इंच आहे."

तिने कड सोडली. बाहेर कोणाची तरी गाडी मागे जाताना पिपाणी वाजवत होती. 

"आणि अलास्का?" तिने मग विचारले, अजून रागातच.

अलास्काची पाच पाने त्याला तोंडपाठ होती. त्याने पट्टीचे टोक सोडले. ती सपकन आत गेली. "अलास्का उन्हाळ्यात बघतात," तो म्हणाला. "हिवाळ्यात काय दिसतंय तिथे."

"बारा महिने म्हणत होतास."

"म्हणत होतो."

तिने गोधडी गोळा केली, धड घडी नाही, नुसती छातीशी गोळा, आणि आत जाऊन कपाटाचे दार गरजेपेक्षा जोरात लावले. आतून आवाज आला, "नापास म्हणे! अख्ख्या गावाला सांगणार आहे मी. चर्चमध्ये सांगणार आहे!"

दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी लोवेलने पायरीवर बसून कर्स्टनला फोन लावला.

"आमचं उत्तर 'नाही' असं आहे," तो म्हणाला.

"अरेरे. किंमत पटली नाही का, लोवेलकाका?"

"किंमत चांगली होती. माप बसलं नाही."

आत भांड्यांची आदळआपट चालू होती. ती उद्यापर्यंत चालणार हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. त्याने कागद मांडीवर घेतला आणि दोन सह्यांच्या खाली, तारीख टाकून, सुवाच्य अक्षरात निकाल लिहिला.

मागितलेली रुंदी ७० इंच. प्रत्यक्ष रुंदी ६९.२५ इंच.